दादा, आज सुट्टी कसली?

१ मे म्हणजे आपल्यासाठी उशिरा उठायचा दिवस. पण घरात किंवा बिल्डिंगमध्ये पाच-सात वर्षांचं एखादं पोर असेल, तर यंदा सकाळचा गजर लावाच!

सेमिस्टरची परीक्षा चालू असते, नाहीतर नुकती कुठे संपलेली असते. सबमिशनचा गोंधळ, व्हायवाचं टेन्शन, सगळ्यात जीव मेटाकुटीला आलेला असतो आणि त्यात मस्तपैकी १ मेची सुट्टी येते. आदल्या रात्री बरोबर बारा वाजता तुम्ही राज्याचा नकाशा असलेली एक इमेज स्टेटसला टाकता, झोपता आणि थेट अकराला उठता. झाला महाराष्ट्र दिन साजरा.

खोटं कशाला बोलू, मीही तेच करायचो. गेल्या वर्षी मात्र माझी सहा वर्षांची आतेबहीण सुट्टीला आमच्याकडे आली होती. सकाळी सातला ती माझ्या पोटावर येऊन बसली आणि तिनं विचारलं, ‘दादा, आज सुट्टी कसली?’

मी डोळे न उघडताच म्हणालो, ‘महाराष्ट्र दिन.’

‘म्हणजे काय?’

‘महाराष्ट्राचा वाढदिवस.’

‘कितवा?’

आता आली का पंचाईत. मी उशीखालचा मोबाइल काढून वजाबाकी केली. तोवर पुढचा प्रश्न तयार होता. ‘वाढदिवसाच्या आधी महाराष्ट्र कुठे होता?’

इथे माझी दांडी उडाली. दहावीपर्यंत इतिहास शिकलोय, पण या प्रश्नाचं सहा वर्षांच्या पोरीला कळेल असं उत्तर माझ्याकडे नव्हतं. तेवढ्यात बेल वाजली. भांड्याच्या मावशी आल्या होत्या. बाईसाहेबांनी त्यांच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि तिसरा बॉम्ब टाकला. ‘आज सगळ्यांना सुट्टी आहे ना? मग मावशी का आल्या?’

त्या एका सकाळीनं मला जे कळलं, ते तुमच्यापर्यंत पोचवावं म्हणून हा लेख. लहान मुलांबरोबर हा दिवस साजरा करायचा, तर नुसत्या झेंड्याच्या स्टिकरनं भागत नाही. ती प्रश्न विचारतात. आणि त्या प्रश्नांची उत्तरं शोधता शोधता हा दिवस पहिल्यांदा आपल्यालाच समजायला लागतो.

सकाळी साडेसात, टोपी आणि पाण्याची बाटली

पहिलं काम, झेंडावंदनाला जा. गावातली शाळा, ग्रामपंचायत, तहसील कचेरी, कॉलेज, सोसायटीचं आवार, जिथे जवळ असेल तिथे. मुलांच्या शाळेत असेल तर उत्तमच. बऱ्याच मराठी शाळांमध्ये १ मेला झेंडावंदन झालं की निकाल हातात देण्याची पद्धत आहे. आठवतंय ना? नवा इस्त्रीचा गणवेश, पोटात गोळा आणि मग प्रगतिपुस्तकावर ‘वरच्या वर्गात घातले आहे’. आपल्यापैकी अनेकांसाठी महाराष्ट्र दिन म्हणजे निकालाचा दिवसच होता. त्या पोराच्या पोटातला गोळा तुम्हाला जितका कळेल, तितका आईबाबांनाही कळणार नाही. म्हणून तुम्ही बरोबर जा.

तिथे एक प्रश्न हमखास येतो. ‘झेंडा तर तोच आहे, मग दिवस वेगळा का?’ सोपं करून सांगा. १५ ऑगस्टला देश स्वतंत्र झाला, २६ जानेवारीला देशाची राज्यघटना लागू झाली आणि १ मेला या देशातल्या आपल्या खोलीवर आपल्या नावाची पाटी लागली. घर तेच, म्हणून झेंडाही तोच.

झेंडावंदनाला आता राज्यगीतही ऐकायला मिळतं. राजा बढे यांनी लिहिलेलं, श्रीनिवास खळे यांनी चाल लावलेलं आणि शाहीर साबळे यांनी गायलेलं हे गाणं २०२३ मध्ये अधिकृत राज्यगीत झालं. मुलांना ते पाठ करायला लावून पाहुण्यांसमोर म्हणायला उभं करू नका, प्लीज. आपल्याला लहानपणी ते किती आवडायचं, आठवा. त्यापेक्षा डफावर, नाहीतर डब्यावर ठेका धरून बरोबर म्हणा. आपोआप पाठ होतं.

आणि हो, ऊन. मे महिन्यातलं ऊन म्हणजे गंमत नाही. विदर्भ, मराठवाड्यात तर सकाळी नऊनंतरच डोकं तापायला लागतं. लहान मुलं आपल्याला तहान लागलीये हे खेळण्याच्या नादात सांगत नाहीत. त्यामुळे बाहेरचा कार्यक्रम सकाळी नऊच्या आत किंवा संध्याकाळी पाचनंतर. मधल्या वेळात घर, गच्चीवरची सावली, कैरीचं पन्हं, कोकम सरबत, ताक. प्रभातफेरीत मुलांना अनवाणी किंवा बिनटोपीचं उभं करून भाषणं ऐकवणं हे देशप्रेम नाही, तो निव्वळ छळ आहे.

गोष्ट सांगायची कशी?

आता मूळ प्रश्न. आधी महाराष्ट्र होता कुठे?

आधी तुमच्यासाठी थोडक्यात. स्वातंत्र्यानंतर आपली मराठी माणसं वेगवेगळ्या राज्यांत विखुरलेली होती. मराठवाडा हैदराबाद राज्यात, विदर्भ मध्य प्रदेशात, बाकीचे मुंबई राज्यात. भाषेप्रमाणे राज्यं करायचं ठरलं, तेव्हा मराठी राज्याची मागणी जोर धरू लागली. गाडं अडलं ते मुंबईवर. मुंबई महाराष्ट्राला द्यायची की नाही, यावर रस्ते पेटले. २१ नोव्हेंबर १९५५ ला मुंबईत फ्लोरा फाउंटनजवळ मोर्चावर गोळीबार झाला, माणसं मेली. जानेवारी १९५६ मध्ये मुंबई केंद्रशासित करणार असं जाहीर झालं आणि पुन्हा गोळ्या चालल्या. अर्थमंत्री सी. डी. देशमुखांनी या प्रश्नावर राजीनामा दिला. ६ फेब्रुवारी १९५६ ला पुण्यात संयुक्त महाराष्ट्र समिती स्थापन झाली. एस. एम. जोशी, कॉम्रेड डांगे, आचार्य अत्रे, प्रबोधनकार ठाकरे, क्रांतिसिंह नाना पाटील, म्हणजे एरवी एकमेकांशी कडाकडा भांडणारी माणसं एका व्यासपीठावर आली. अमर शेख, अण्णा भाऊ साठे यांच्यासारखे शाहीर डफ घेऊन गावोगाव फिरले. १ नोव्हेंबर १९५६ ला गुजराती आणि मराठी असं मिळून एकच मोठं द्विभाषिक राज्य झालं. तेही टिकलं नाही. शेवटी १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला. यशवंतराव चव्हाण पहिले मुख्यमंत्री. तेव्हा जिल्हे होते २६, आज आहेत ३६.

या लढ्यात १०६ जण हुतात्मा झाले असं आपण म्हणतो. मुंबईच्या हुतात्मा चौकातल्या स्मारकावर दोन माणसं मशाल धरून उभी आहेत. एक शेतकरी, एक कामगार. त्यांच्यासमोरून आपण सीएसएमटी किंवा चर्चगेट गाठायला शंभरदा पळालेलो असतो. एकदा थांबून त्यांचे चेहरे पाहिलेत?

आता हे सगळं सहा वर्षांच्या मुलाला सांगायचं कसं? मी पहिल्यांदा सांगितलं तेव्हा दोन चुका केल्या. पहिली चूक, सनावळ्या. तिसऱ्या तारखेला ती पंख्याकडे बघायला लागली. दुसरी चूक, मरण गाळलं. ‘सगळ्यांनी मागणी केली आणि मग महाराष्ट्र मिळाला’ असं गुळगुळीत सांगितलं. मग संध्याकाळी टीव्हीवर हुतात्म्यांना मानवंदना दाखवत होते, तेव्हा तिनं विचारलं, ‘हे कोण वारले?’ माझी चोरी पकडली गेली.

मुलांना मरण कळत नाही असं आपल्याला वाटतं. त्यांना कळतं. आजोबांच्या फोटोला हार का घातलाय, हे त्यांना ठाऊक असतं. त्यामुळे खोटं बोलू नका, फक्त रक्ताचं वर्णन करू नका. मी दुसऱ्यांदा सांगितलं ते असं. ‘एक घर होतं. त्यातली भावंडं वेगवेगळ्या घरांत राहायला गेली होती. त्यांना एकत्र राहायचं होतं. त्यांनी मोठ्यांना सांगितलं, पण मोठे ऐकेनात. मग ती रस्त्यावर येऊन ओरडून सांगू लागली. तेव्हा पोलिसांनी गोळ्या झाडल्या आणि त्यात काही माणसं वारली. तरी बाकीच्यांनी सांगणं सोडलं नाही. शेवटी ऐकावंच लागलं.’

ती थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, ‘पोलिसांनी चुकीचं केलं.’ मी म्हणालो, ‘हो, मलाही तसंच वाटतं.’ एवढंच. त्यावर भाषण ठोकायची गरज नसते. मुलं विषय स्वतःच संपवतात आणि आंबा मागतात.

वाढदिवस जुळ्यांचा!

एका गोष्टीत फार जपायला हवं. ही गोष्ट सांगताना ‘आपण’ आणि ‘ते’ असं होऊन जातं. लहान पोरं तर लगेच बाजू घेतात. आमच्या तिसऱ्या मजल्यावर एक गुजराती मुलगा राहतो, हिच्याच वयाचा, दिवसभर आमच्या घरात पडीक. त्याला ‘हा तुझा दिवस नाही’ असं हिनं ऐकवलं. कुठून शिकली? अर्थात माझ्या गोष्टीतून.

मग मला आठवलं, अरे, १ मे तर गुजरातचाही स्थापना दिवस! एकाच दिवशी मुंबई राज्याची दोन राज्यं झाली. म्हणजे ही जुळी भावंडं. त्यांच्याकडेही महागुजरात आंदोलन झालं, अहमदाबादेत ऑगस्ट १९५६ मध्ये गोळीबार झाला, विद्यार्थी मेले. त्यांनाही आपल्या भाषेचं राज्य हवं होतं. भांडण दोन भाषांचं नव्हतं, आपलं म्हणणं न ऐकणाऱ्यांशी होतं, हे मला त्या दोघांना समजावताना पहिल्यांदा नीट कळलं.

दोघांना सांगितलं, ‘आज तुम्हा दोघांच्याही राज्याचा वाढदिवस.’ दुपारी त्याच्या आईनं खांडवी पाठवली, आमच्याकडून पुरणपोळी गेली. आमच्याकडे राज्यगीत झालं, त्यानं घरून शिकलेला गरबा दाखवला. तुमच्या बिल्डिंगमध्ये गुजराती नसेल, तेलुगू असेल, भोजपुरी बोलणारं असेल. त्याच्या राज्याचा दिवस कधी असतो ते शोधा आणि मुलांच्या हातानं कॅलेंडरवर खूण करून ठेवा. महाराष्ट्रात राहणाऱ्या प्रत्येक मुलाला १ मे आपला वाटला, तर तो दिवस साजरा झाला म्हणायचं.

जांभळं झाड शोधा

आता खेळ. मुलांना घेऊन बाहेर पडा आणि ताम्हण शोधा. ताम्हण, म्हणजेच जारूळ, हे आपलं राज्यफूल. गंमत बघा, ते बरोबर याच दिवसांत फुलतं. चुरगाळलेल्या कागदासारख्या नाजूक जांभळ्या पाकळ्या, मधे पिवळे पुंकेसर. मुंबई, पुण्याच्या रस्त्यांवर, कॉलेजांच्या आवारात ही झाडं आहेत. तुम्ही रोज त्याच्याखाली बाइक लावत असाल आणि नावही ठाऊक नसेल. राज्याच्या वाढदिवसाला राज्याचं फूल आपणहून फुलतं, ही गोष्ट मुलांना सांगून बघा, डोळे कसे चमकतात.

मग बाकीची यादी. राज्यवृक्ष आंबा, तो तर मे महिन्यात शोधावाही लागत नाही. राज्यपक्षी हरियाल, हिरवट-पिवळ्या रंगाचं आणि पिवळ्या पायांचं कबूतर. वडा-पिंपळाला फळं आली असतील तर पानांत बारकाईनं बघा, पानांसारखाच रंग असल्यानं दिसता दिसत नाही. राज्यप्राणी शेकरू, झुपकेदार शेपटीची मोठी खार. ती बघायला भीमाशंकरसारख्या जंगलात जावं लागेल, तोवर तिचं चित्र चालेल. राज्यफुलपाखरू निळवंत. काळे पंख, त्यावर निळी झाक. २०१५ मध्ये त्याला हा मान मिळाला आणि राज्यफुलपाखरू ठरवणारं महाराष्ट्र हे देशातलं पहिलं राज्य झालं. त्याची मादी लिंबाच्या जातीच्या झाडांवर अंडी घालते. तेव्हा गच्चीत कुंडीत लिंबाचं झाड लावणं हासुद्धा महाराष्ट्र दिनाचा कार्यक्रम होऊ शकतो.

जे दिसेल त्याच्यापुढे मुलानं टिक करायची. पाचपैकी दोन दिसले तरी पार्टी. फुलं तोडायची नाहीत, खाली पडलेली उचलायची. दुपारच्या उन्हात घरी बसून नकाशाचं कोडं करा. जुन्या पुठ्ठ्यावर महाराष्ट्राचा नकाशा चिकटवा, जिल्हे कापा, जोडायला द्या. पैज लावतो, ३६ जिल्हे तुम्हालाही पहिल्या फटक्यात जोडता येणार नाहीत. मला आले नव्हते. हिंगोली आणि वाशीमची जागा मी अदलाबदल केली आणि चिमुरड्यांनी मला धुतलं.

मावशी का आल्या?

आता तो तिसरा प्रश्न. मी तो दिवसभर टाळला.

१ मे हा कामगार दिनही आहे, हे आपण सगळेच जाणतो. १८८६ मध्ये शिकागोसह अमेरिकेतल्या शहरांत कामगारांनी आठ तासांच्या दिवसासाठी १ मेला संप केला, तिथून याची सुरुवात. भारतात पहिला कामगार दिन मद्रासमध्ये १९२३ ला सिंगारवेलू यांनी साजरा केला. आणि मुलांना सगळ्यात आवडेल अशी गोष्ट आपल्या मुंबईतली आहे. रविवारची सुट्टी! पूर्वी गिरणी कामगारांना ती नव्हती. नारायण मेघाजी लोखंडे यांनी कामगारांना एकत्र करून ती मागितली, लावून धरली आणि १० जून १८९० ला गिरणी मालकांनी ती मान्य केली. रविवारी उशिरापर्यंत कार्टून बघणाऱ्या प्रत्येक पोरानं या माणसाला थँक्यू म्हणायला हवं. आपणसुद्धा.

पुढे याच गिरणगावातले कामगार संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात हजारोंनी उतरले. स्मारकावर मशाल धरायला शेतकऱ्याशेजारी कामगार उभा आहे, तो उगाच नाही. राज्याचा दिवस आणि कामगाराचा दिवस एकच, याचं इतकं सरळ उत्तर समोर असताना आपण मात्र कामगारांना कामावर बोलावून राज्याचा दिवस साजरा करतो.

हे सगळं तिला सांगितल्यावर ती म्हणाली, ‘मग मावशींना सांग ना सुट्टी घ्यायला.’ मी दुसऱ्या दिवशी मावशींना विचारलं. त्या हसल्या. म्हणाल्या, ‘तुम्ही एकट्यांनी दिली तर काय उपयोग दादा? या बिल्डिंगमध्ये माझी पाच घरं आहेत. चार घरांसाठी तर यावंच लागतं. आले की तुमचंही उरकून जाते.’

बघा, म्हणजे एका घराच्या चांगुलपणानं काही होत नाही. लोखंडेंनाही एका गिरणीत सुट्टी मागून भागलं नसतं.

म्हणून हे काम आपल्या वयाच्या मुलामुलींचं आहे. घरातले मोठे ‘असंच असतं’ म्हणून मोकळे होतात आणि लहानांचं कोणी ऐकत नाही. मधे आपण आहोत. बिल्डिंगच्या ग्रुपवर आपणच आहोत, मेसेज आपल्यालाच लिहिता येतो. १ मेला मावशी, वॉचमनकाका, कचरा नेणारे दादा यांच्यापैकी ज्यांना शक्य आहे त्यांना सगळ्यांनी मिळून भरपगारी सुट्टी. गेटवर तासातासाच्या पाळ्या आपण लावू, मुलांना शिट्टी देऊ, ती खूश. आणि गावाकडे असाल तर आणखी एक. १ मेला ग्रामसभा असते. मतदार यादीत नाव असेल तर तुम्ही तिचे सभासद आहात. एखाद्या लहानग्याचं बोट धरून जाऊन बसा. शाळेच्या नळाला पाणी का येत नाही, हा प्रश्न त्यानं तुम्हाला विचारलेला असतो. तो तिथे तुम्ही विचारा.

एका दिवसाच्या सुट्टीनं मावशींचं आयुष्य बदलणार नाही, मला कळतं. पण ‘आज सगळ्यांना सुट्टी’ हे वाक्य त्या पोरीसमोर खोटं ठरू नये, एवढं तरी आपल्या हातात आहे.

यंदा ती पुन्हा आलीये. आमच्या बिल्डिंगच्या ग्रुपवर मी परवाच मेसेज टाकला. आतापर्यंत सात जणांनी अंगठा दाखवलाय. एका काकांनी विचारलंय, ‘मग भांडी कोण घासणार?’ आई स्वयंपाकघरातून म्हणाली, ‘त्यांना सांग, माझीही सुट्टी आहे.’

तेव्हा भांडी मी घासणार आहे. पुसायला एक सात वर्षांची असिस्टंट आहे. तुमच्या ग्रुपवरचा मेसेज लिहिलात का?